ई-माउंटन बाईकची मोटर: घेताना, बदलताना आणि गावातच दुरुस्त करताना

पांदण रस्त्याने वावरात जायला किंवा सातपुड्याच्या बाजूला घाट चढायला इलेक्ट्रिक माउंटन बाईक घ्यायची म्हटली, की दुकानात आधी वॅट सांगतात आणि मग एका चार्जमध्ये किती किलोमीटर ते सांगतात. या दोन आकड्यांवर मोटर निवडू नका. विदर्भात मोटरचा कस वेगळ्याच ठिकाणी लागतो: मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन, पहिल्या पावसानंतरची काळी माती, आणि बिघाड झाल्यावर ती उघडणारा माणूस किती लांब आहे हे.

मी अमरावती जिल्ह्याच्या उत्तर भागात ही सायकल वापरतो, तिची मोटर स्वतः उघडतो आणि आजूबाजूच्या गावांतल्या मुलांना त्यांच्या सायकलींसाठी मदत करतो. त्यांचे प्रश्न ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने हे लिहिलं आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: तालुक्याच्या गावी उघडून दुरुस्त होईल अशी मोटर घ्या, मग ताकद थोडी कमी मिळाली तरी चालेल.

१. आधी आपला रस्ता कागदावर लिहा

रोजचं अंतर किती, सोबत ओझं किती, सलग चढ किती लांब, पावसाळ्यात रस्ता बंद होतो का, रात्री सायकल कुठे उभी राहते आणि तिथे प्लग आहे का. हे पाच मुद्दे लिहिल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

वर्धा, अकोला, यवतमाळच्या सपाट भागात चढ म्हणजे नाल्यात उतरून पलीकडच्या काठावर चढणं. दोन मिनिटांचं काम. मेळघाटात तोच चढ तासभर संपत नाही. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात चढ नाही, पण पाणी आणि चिखल चार महिने आहे. या तीन ठिकाणी एकच मोटर चांगली ठरत नाही.

२. मोटर आत कशी असते

जवळपास सगळ्या ई-सायकलींमध्ये बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेली मोटर असते. ती आतून तीन फेजची असते. विहिरीवरचा पंप चालवणाऱ्या कास्तकाराला हे लगेच समजतं: एक फेज गेला की पंप नुसता गुणगुणतो, फिरत नाही, सायकलच्या मोटरची एक जाड वायर सुटली की तीही जागेवर थरथरते. फरक एवढाच की इथे तीन फेज डीपीवरून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरून) येत नाहीत. बॅटरीतल्या डीसी विजेपासून ते कंट्रोलर तयार करतो. चुंबक आत्ता कुठे आहे हे कंट्रोलरला कळावं म्हणून मोटरमध्ये तीन बारीक हॉल सेन्सर बसवलेले असतात. म्हणून मोटरमधून तीन जाड वायरी (पिवळी, हिरवी, निळी) आणि पाच बारीक वायरी बाहेर येतात.

प्रकार तीन.

गिअर हब: मोटर मागच्या चाकाच्या मध्यात असते. आतली छोटी मोटर चाकाच्या साधारण ४ ते ५ पट वेगाने फिरते आणि नायलॉनच्या गिअरमधून चाकाला जोर देते. वजन २ ते ३ किलो. आत क्लच असतो, त्यामुळे वीज बंद असताना सायकल हलकी चालते. भारतात मिळणाऱ्या बहुतेक ई-सायकलींत हीच असते.

डायरेक्ट हब: आत गिअर नाहीत, अख्खं चाक म्हणजेच मोटर. टिकाऊ आणि आवाज नाही, पण जड. उतारावर बॅटरीत थोडी वीज परत टाकणं फक्त हीच करू शकते. सावकाश चढावर मात्र ही सगळ्यात आधी तापते.

मिड-ड्राइव्ह: मोटर पॅडलच्या जागी, आणि जोर साखळीतून मागच्या गिअरवर. बॉश, शिमानो, यामाहा, बाफांग ही यातली मोठी नावं. पायडल मारताना मोटरने मदत करायची ही कल्पना यामाहाने जपानमध्ये १९९३ साली बाजारात आणली. डोंगरी मोटरपैकी उदाहरण म्हणून बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स किंवा शिमानोची ईपी८ बघा, त्या ८५ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतात. चढासाठी याहून चांगली रचना नाही.

तुमच्यापुढे उभ्या सायकलला कोणती हब मोटर आहे ते ओळखायचं असेल तर चाक उचलून हाताने उलटं फिरवा. उलटं फिरवताना अडखळतं आणि सुलटं मोकळं फिरतं, तर गिअर हब. दोन्हीकडे सारखाच खडखड अडथळा लागतो, तर डायरेक्ट हब.

३. घाटाचं गणित

हा भाग नीट वाचा. मोटरबद्दलचे निम्मे गैरसमज इथे सुटतात.

मोटरवर छापलेले २५० वॅट म्हणजे ती न तापता सतत देऊ शकते तेवढी शक्ती. चढावर कंट्रोलर थोडा वेळ जास्त वीज सोडतो. ३६ व्होल्ट आणि १५ अँपिअरचा कंट्रोलर असेल तर ५४० वॅट बॅटरीतून निघतात. ते सगळे चाकापर्यंत पोचत नाहीत. उरलेले मोटरच्या तांब्यात उष्णता बनतात, आणि करंट दुप्पट झाला की तांब्यातली उष्णता चौपट होते. मोटर जळते ती वेगाने नाही, करंटने.

आता परतवाडा ते चिखलदरा घ्या. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर आहे, म्हणजे परतवाड्याहून ७०० मीटरपेक्षा जास्त उंच. स्वार, सायकल आणि पिशवी मिळून ११० किलो धरले, तर नुसती ७०० मीटर उंची गाठायला २१० वॅट-तास ऊर्जा लागते. रस्त्याचं घर्षण यात धरलेलं नाही. मोटर ७५ टक्के कार्यक्षमतेने चालली आणि पायाने काहीच केलं नाही, तर बॅटरीतून २८० वॅट-तास जातात. ३६ व्होल्ट १० अँपिअर-तासाची बॅटरी भरलेली असताना ३६० वॅट-तासांची असते. घर्षण धरलं की ती घाटातच संपते. म्हणून चिखलदऱ्याला पोचायचं तर पाय चालवावेच लागतात. साधारण माणूस सावकाश १०० वॅट देत राहतो. दोन तासांत तेच २०० वॅट-तास होतात, आणि बॅटरीवरचा निम्म्याहून अधिक भार उतरतो.

आता वेग बघा. तेच ११० किलो, ६ टक्के चढ, डांबरी रस्ता. ताशी १२ किलोमीटरने चढायला चाकाशी साधारण २७० वॅट लागतात, ताशी २० ने चढायला ४५० वॅटहून जास्त. १०० तुमचे, १७० मोटरचे, असं पहिल्या वेगात सहज भागतं. कायद्यातली २५० वॅटची मोटर घाटाला पुरते, फक्त घाई सोडावी लागते.

पण इथेच हब आणि मिड-ड्राइव्हचा फरक उघडा पडतो. हब मोटर चाकाबरोबर बांधलेली असते. चाक सावकाश फिरलं की मोटरही सावकाश फिरते. मोकळं चाक ज्या वेगाने फिरतं, त्याच्या निम्म्याखाली वेग उतरला की विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो. मिड-ड्राइव्हमध्ये तुम्ही हलका गिअर टाकता, चाक सावकाश फिरतं, मोटर मात्र आपल्या सोयीच्या वेगानेच फिरत राहते.

मग सरळ मिड-ड्राइव्हच का घेऊ नये? चढ रोजचा असेल तर घ्याच. पण बॉश-शिमानोसारख्या मोटर बंद पेटीसारख्या असतात. आतले सुटे भाग साधारणपणे मिळत नाहीत, पूर्ण मोटर बदलतात, आणि बिघाड वाचायला डीलरचं सॉफ्टवेअर लागतं. शिवाय मोटरचा सगळा जोर साखळीवर येतो. साखळी, मागची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) लवकर झिजते, आणि जोरात पायडल मारत गिअर बदलला तर साखळी तुटते. हप्त्यातून एखाद्या वेळी घाट आणि बाकी दिवस सपाट पांदण, अशांनी कमी आरपीएमची (मिनिटाला कमी फेरे घेणारी) गिअर हब घ्यावी. हब मोटरवर किंवा तिच्या माहितीपत्रात आरपीएम दिलेले असतात. २७.५ इंची चाकाचा घेर साधारण २.२ मीटर असतो, म्हणजे २०० आरपीएमची मोटर मोकळी असताना ताशी २६ च्या आसपास जाते. २६० किंवा ३०० आरपीएमवाली सपाटीवर पळते, पण चढावर तापते. दुकानदार ही वेगवान मोटर पुढे करतो, तुम्ही कमी आरपीएमची मागा.

मोटर तापली का हे बघायला लोक हबवर हात ठेवतात. डायरेक्ट हबमध्ये ते काही अंशी चालतं. गिअर हबमध्ये आतली मोटर आणि बाहेरचं टोपण यांच्यात हवा असते, त्यामुळे बाहेरून कोमट वाटतं तेव्हा आतून ती चांगलीच तापलेली असू शकते. सलग चढात वेग चालण्याइतका उतरला की मदत एक पायरी कमी करा, किंवा सावलीत दहा मिनिटं थांबा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी घाट चढूच नका.

४. कायदा काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम २(यू) लक्षात ठेवा. मोटर सलग ३० मिनिटं देऊ शकते ती शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, ताशी २५ किलोमीटरला किंवा पायडल थांबल्यावर मदत बंद, आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर पायडल-मदतीची सायकल मोटार वाहन धरली जात नाही. नंबरप्लेट नाही, लायसन्स नाही.

त्यापुढे गेलात की कायद्याच्या नजरेत ती दुचाकी होते आणि नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागतं. घरी बदललेल्या सायकलची नोंदणी होत नाही. म्हणजे उद्या फाट्यावर कोणाला धक्का लागला, तर भरपाईचा सगळा बोजा तुमच्यावर. जुन्या सायकलला बसवायचा १००० वॅटचा मोटर-किट घेणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे आधी सांगतो.

जंगलाबद्दल वेगळं. मेळघाट, ताडोबा, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा या व्याघ्र प्रकल्पांच्या आतल्या रस्त्यांवर वनविभागाच्या परवानगीशिवाय सायकल घालू नका. सार्वजनिक रस्त्यावरही पहाटे आणि संध्याकाळी वळणावर घंटी वाजवा. या सायकलचा आवाज रोह्याला (नीलगाईला) किंवा अस्वलाला ऐकू येत नाही, आणि दचकलेलं जनावर कुठे धावेल सांगता येत नाही.

५. घेताना मागायचे कागद

बिल, ज्यावर फ्रेम नंबर, मोटर नंबर आणि बॅटरीचा नंबर तिन्ही असतील
वॉरंटी कार्ड: मोटर, बॅटरी आणि कंट्रोलरची मुदत वेगवेगळी लिहिलेली
पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत
वायरिंगचा नकाशा, निदान कनेक्टर आणि रंगांचा फोटो
बॅटरीच्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या

वॉरंटी कार्डावर एक ओळ हमखास शोधा: मोटर उघडल्यास किंवा पाणी गेल्यास वॉरंटी रद्द. मुदत असेपर्यंत काही उघडू नका, मोह कितीही होवो.

दुकानात चार गोष्टी करून बघा. चाक उचलून मोटर चालवा आणि ब्रेकची मूठ अगदी थोडी दाबा, मोटर तत्क्षणी बंद पडली पाहिजे. पायडल थांबवल्यावर मोटर किती वेळ ओढत राहते ते पाहा. स्वस्त सायकलींत पायडल फिरतं की नाही एवढंच कळणारा सेन्सर असतो, तो दगडगोट्यांच्या रस्त्यावर उशिरा सुरू होतो आणि उशिरा थांबतो. पाय किती जोर देतो हे मोजणारा टॉर्क सेन्सर परवडत असेल तर त्यालाच पैसे द्या. मोटरची वायर चाकाजवळ कनेक्टरने सुटते का ते पाहा. आणि शेवटी विचारा: कंट्रोलर सुटा मिळतो का, कितीला, किती दिवसांत? दुकानदाराला याचं उत्तर देता येत नसेल तर दुसरं दुकान बघा.

६. जुन्या सायकलला किट बसवायचा असेल तर

आधी फ्रेम बघा. मागच्या चाकाची जागा, म्हणजे दोन ड्रॉपआउटमधलं (ॲक्सल बसतो त्या फ्रेमच्या खाचांमधलं) अंतर, १३५ मिलिमीटर लागतं. लोखंडी फ्रेम ॲल्युमिनियमपेक्षा बरी. पुढच्या चाकात, तेही शॉकअपवाल्या काट्यात (फोर्कमध्ये), हब मोटर बसवू नका. तो काटा मोटरचा पिळा सहन करायला बनवलेला नसतो, तिथे तडा गेला की चालत्या सायकलचं पुढचं चाक निघतं.

लागणारी हत्यारं: १८ आणि १९ चे पाने, ॲलन की सेट, क्रँक काढायचा पुलर, फ्रीव्हील काढायचं टूल, मल्टिमीटर, सोल्डरिंग, केबल टाय, हीट श्रिंक.

बसवण्याचा क्रम असा ठेवा. टायर-ट्यूब मोटरच्या चाकावर चढवा आणि चाक बसवा. मोटरची वायर ॲक्सलमधून निघते ती बाजू खाली तोंड करून ठेवा, आणि वायरीला खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता वळशातून टपकेल. मग टॉर्क आर्म लावा. मोटर चाकाला पुढे फिरवते तेव्हा ॲक्सल तेवढ्याच जोराने मागे फिरायला बघतो, आणि नट थोडा जरी ढिला असला तरी ॲक्सल ड्रॉपआउट फाडून वायरी पिळून तोडतो. टॉर्क आर्म ही लोखंडी पट्टी तो पिळा फ्रेमवर घेते. किटमध्ये नसेल तर वेल्डिंगवाल्याकडून ६ मिलिमीटर जाड पट्टीची करून घ्या, ॲक्सलच्या चपट्या भागावर घट्ट बसेल अशी. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा कसा.

त्यानंतर पायडलचा सेन्सर, ब्रेकच्या मुठी, डिस्प्ले, कंट्रोलर आणि सगळ्यात शेवटी बॅटरी. बॅटरीच्या तारेवर फ्यूज हवाच. बॅटरी जोडताना ठिणगी उडते ती कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमुळे, त्याला घाबरू नका. उलटी जोडणी मात्र कंट्रोलरला क्षणात संपवते, म्हणून प्लस-मायनस मीटरने तपासूनच जोडा.

मिड-ड्राइव्ह किटपैकी बाफांगचा बीबीएस मालिकेतला किट साध्या ६८ मिलिमीटरच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये (पायडलचा दांडा जातो त्या फ्रेमच्या नळीत) बसतो आणि त्याचे सुटे गिअर, कंट्रोलर वेगळे मिळतात. त्यातला ०१ हा २५० वॅटमध्ये येतो. ०२ आणि एचडी त्याच्या पुढचे आहेत, त्यांना चौथ्या मुद्द्यातला कायदा लागू होतो.

७. बॅटरी आणि चार्जिंग

३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट दाखवते, ४८ ची ५४.६. हे दोन आकडे चार्जरवर लिहून ठेवा. गावात एकाचा चार्जर दुसरा नेतो, आणि ४८ चा चार्जर ३६ च्या बॅटरीला लावणं म्हणजे घरात आग बोलावणं आहे. ई-रिक्षाच्या लेड-ॲसिड बॅटरीचा चार्जरही चालत नाही.

लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या शेडखाली बॅटरीच तेवढी तापलेली असते. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका. तासभर थंड होऊ द्या, किंवा पहाटे लावा. दुपारभर सायकल उन्हात उभी राहणार असेल तर बॅटरी काढून सावलीत ठेवा. महिनाभर वापर नसेल तर निम्मी भरलेली ठेवा, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी नको.

चार्जिंग घरातल्या गावठाण फीडरच्या लाइनवर करा, शेतातल्या पंपाच्या पेटीवर नाही. शेतात तीन फेजांची लाइन असते, जोडणी चुकली तर चार्जरला दोन फेजांमधले ४०० व्होल्ट मिळतात. वीज कडाडायला लागली की प्लग काढा.

सपाटीवर पायडल मारत किलोमीटरला १० ते १५ वॅट-तास जातात, पायडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर (ॲक्सिलरेटरवर) कच्च्या रस्त्याने २० पर्यंत. यावरून ३६० वॅट-तासांचे किती किलोमीटर होतात ते तुम्हीच काढा आणि माहितीपत्रकातल्या आकड्याशी ताडून बघा.

८. बदल करायचेच तर या क्रमाने

पहिला पैसा ब्रेकवर. २५ किलोची सायकल घाट उतरवायची आहे. केबलचे डिस्क ब्रेक असतील तर चांगले पॅड, आणि जमल्यास पुढे १८० मिलिमीटरची डिस्क.

दुसरा टायरवर. आपला शत्रू बाभळीचा काटा आहे. जाड टायर, आतून पट्टी आणि ट्यूबमध्ये सीलंट, हे तिन्ही मिळून पंक्चर निम्म्यापेक्षा कमी होतात.

तिसरा गिअरवर. पुढची दातेरी चकती लहान किंवा मागची मोठी केली की चढावर पाय हलके पडतात आणि मोटरचा भार कमी होतो. मोटरला हात न लावता चढ सोपा करायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

यानंतरच मोटर. कंट्रोलरची करंट मर्यादा डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मिळत असेल तर ती वाढवण्याआधी एकदा कमी करून बघा. १५ ऐवजी १२ अँपिअरवर सपाटीला फारसा फरक जाणवत नाही आणि बॅटरी जास्त पुरते. इंटरनेटवर कंट्रोलरच्या आतल्या शंटवर (करंट मोजायच्या तारेवर) सोल्डर टाकून करंट वाढवायची युक्ती दाखवतात, ती करू नका. कंट्रोलरला मग खरा करंट कळतच नाही, आणि जळताना तो बरोबर मोटरचे हॉल सेन्सरही घेऊन जातो. ३६ च्या मोटरला ४८ ची बॅटरी लावल्याने वेग वाढतो, पण कंट्रोलरचे कपॅसिटर तेवढ्या व्होल्टेजचे नसतील तर फुटतात, आणि सायकल कायद्याबाहेर जाते ते वेगळंच.

डायरेक्ट हब असणाऱ्यांसाठी एक चांगला बदल आहे: आत काही मिलिलिटर फेरोफ्लुइड (चुंबकाकडे ओढलं जाणारं तेलकट द्रव) घातलं की उष्णता तांब्यातून बाहेरच्या टोपणापर्यंत लवकर येते. गिअर हबमध्ये ते घालायचं नाही.

९. काळी माती, पाणी, पंक्चर

पाऊस थांबल्यावर लगेच पांदणीत शिरू नका. काळी माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये भरते, चाक जाम होतं आणि थ्रॉटल दाबून धरलं तर मोटर जागेवर पूर्ण करंट खाते. हबला यापेक्षा वाईट काही नाही. चिखलात उतरा, ढकला. डिस्प्लेवर ताशी ६ किलोमीटरचा चालत नेण्याचा मोड असेल तर तो वापरा. मडगार्ड पावसाळ्यापुरतं काढून टाका.

धुताना प्रेशरचा पाइप वापरू नका. बादली आणि ब्रश पुरे. मोटरची वायर जिथे ॲक्सलमध्ये शिरते तिथे आणि टोपणाच्या स्क्रूंवर सिलिकॉनचा पातळ थर द्या. नाल्यात पाणी ॲक्सलपर्यंत येत असेल तर सायकल उचलून न्या.

मोटरच्या चाकाचं पंक्चर काढायला चाक सोडवायची गरज नसते. सायकल उलटी करा, काटा शोधा, टायरची एकच बाजू रिमवरून काढून तेवढी ट्यूब बाहेर ओढा आणि तिथेच पॅच लावा. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याला हे आधी सांगा, नाहीतर तो नट सोडतो आणि टॉर्क आर्म उलटी बसवून देतो. चाक सोडावंच लागलं तर कनेक्टरवरच्या बाणाच्या खुणा जुळवूनच परत दाबा, पिरगाळू नका.

१०. बिघाड शोधणं

आधी अंगठी, कडं काढून ठेवा. मग या क्रमाने जा.

काहीच चालू होत नाही. बॅटरीच्या तोंडाशी मीटर लावा. शून्य असेल तर बॅटरीतला फ्यूज किंवा संरक्षण सर्किट. व्होल्टेज बरोबर असेल आणि डिस्प्ले लागतो पण मोटर हलत नाही, तर ब्रेकच्या मुठींचे कनेक्टर काढून बघा. धुळीने मूठ पूर्ण परत येत नाही, कंट्रोलरला वाटतं ब्रेक दाबलेला आहे. हा सगळ्यात जास्त दिसणारा बिघाड आहे आणि याला पैसा लागत नाही.

चालता चालता बंद पडते, थोड्या वेळाने पुन्हा लागते. चढावर होत असेल तर बॅटरीचं व्होल्टेज भाराखाली पडतं आहे. खड्ड्यात होत असेल तर कनेक्टर ढिला आहे.

मोटर थरथरते, फिरत नाही. तीन जाड वायरींचे जोड बघा, एखादा काळा पडला असेल. ते ठीक असतील तर हॉल सेन्सर. कंट्रोलर चालू ठेवून लाल आणि काळ्या बारीक वायरीत सुमारे ५ व्होल्ट हवेत. मग काळी आणि पिवळी, काळी आणि हिरवी, काळी आणि निळी, असं मीटर ठेवून चाक अगदी सावकाश फिरवा. प्रत्येक वेळी आकडा शून्याजवळ आणि ५ जवळ उड्या मारला पाहिजे. एक वायर स्थिर राहिली तर तो सेन्सर गेला. गिअर हबमध्ये चाक उलटं फिरवा, सुलटं फिरवल्यावर क्लचमुळे आतली मोटर हलतच नाही.

चाक हाताने जड फिरतं. तिन्ही जाड वायरी कंट्रोलरपासून सोडवा. सोडवल्यावर चाक हलकं झालं तर कंट्रोलरचे मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे भाग) शॉर्ट आहेत, कंट्रोलर बदला. तरीही जड राहिलं तर मोटरचं वाइंडिंग (तांब्याच्या तारेची गुंडाळी) शॉर्ट आहे किंवा मोटरच्या वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. ही परीक्षाही गिअर हबमध्ये उलटं फिरवून.

थ्रॉटल ऐकत नाही. त्याच्या सिग्नल वायरीवर सोडलेल्या स्थितीत १ व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण पिळल्यावर साडेतीन ते चारच्या वर हवेत.

मोटरचा आवाज येतो, चाक फिरत नाही. नायलॉन गिअरचे दात गेले किंवा क्लच सुटला.

वाइंडिंग आणि हॉल सेन्सरचं काम पंपांची मोटर भरणारा कारागीर करू शकतो. आमच्याकडच्या काकांनी पहिल्यांदा हब उघडून बघितला आणि म्हणाले, “भाऊ, हे तं आपल्या पंपावाणीच हाय, नुसतं उलटं बसवलं.” त्यांना तीन गोष्टी मात्र आधी सांगून ठेवा. मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावायचा नाही, त्याच्या ५०० व्होल्टने हॉल सेन्सर जातात. साध्या मीटरवर तिन्ही फेजांचा रोध जवळपास शून्यच दिसतो, त्यावरून वाइंडिंग शॉर्ट ठरवायचं नाही. तांबं आणि बॉडी यांच्यात जोड आहे का एवढंच मीटरने बघायचं. आणि टोपण उघडताना चुंबकांचं रिंग अचानक ओढलं जातं, बोटं मध्ये ठेवायची नाहीत. हॉल सेन्सर बहुतेक मोटरमध्ये एसएस४१ जातीचे असतात, स्वस्त असतात, आणि बदलायचे तर तिन्ही एकदम बदला. छापील बाजू कोणत्या दिशेला होती याचा फोटो काढल्याशिवाय जुने उपटू नका.

बॅटरी मात्र त्यांच्याकडे किंवा घरी उघडू नका. सेल शॉर्ट झाला तर विझवता येत नाही. ती कंपनीकडे किंवा लिथियम पॅक बनवणाऱ्या जाणत्या माणसाकडेच.

नायलॉन गिअर ऑनलाइन मागवताना मोटरच्या नावावर विसंबू नका, एकाच नावाच्या मोटरमध्ये वेगवेगळे गिअर निघतात. जुन्या गिअरचे दात मोजा, बाहेरचा व्यास, जाडी आणि मधल्या बेअरिंगचा नंबर लिहा, आणि पट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो विक्रेत्याला पाठवा. तिन्ही गिअर एकदम बदला. नवे बसवताना जुनं ग्रीस रॉकेल न वापरता कोरड्या फडक्याने पुसा, नायलॉनला चालणारं सिंथेटिक ग्रीस दातांवर पातळ लावा, आणि क्लचमध्ये ते भरू नका, नाहीतर तो घसरतो.